चोथा

तीन दिवस झाले, मिशमिशच्या वाळूत काहीच नाही.
मी उकिडवा बसून छोट्या फावड्याने शोधतोय,
ड्राय-डॉकवर पडलेला नट शोधावा तसा,
कपाळावर बॅटरी लावून.
ती दारात, शेपूट पायांभोवती गुंडाळून,
बघतेय,
जणू हरवलंय ते माझंच.

मांजर माझं नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो.
समोरच्या फ्लॅटमधली रोवेना
व्हिसा रद्द झाला त्या आठवड्यात
एक टब, अर्धी पिशवी कोरडे दाणे
आणि ही केशरी पोर
दारात ठेवून गेली. दोनच महिने, कुया.
कुया म्हणजे दादा.
त्याला आता दुसरा रमजान येईल.

मुहर्रकमध्ये ऑगस्टात नळाला येतो तो चहाच.
ही पाण्याला तोंड लावत नाही.
एसीखाली पसरते, दाणे कुडूमकुडूम चावते,
आणि आत सगळं
सिमेंट होऊन बसतं.

डॉक्टर इद्रिस खार्तूमचे. त्यांनी तिचं पोट
भाकरी थापावी त्या हाताने चाचपलं.
म्हणाले, फायबर.
लाल भोपळा उकडून, मीठ नाही, साखर नाही, एक चमचा.
नाहीतर इसबगोल, चिमूटभर, भिजून फुगल्यावरच.
आणि पाणी. पाण्याशिवाय दिलंत तर
औषधच अडकून बसेल.
हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

इसबगोल!
देवरुखला अप्पांच्या उशाशी तो डबा
चष्म्याच्या आधी हाताला लागतो.
बावीस वर्षं माझ्या फोनची सुरुवात तीच:
अप्पा, झाली का?
झाली. किंवा, नाही अजून.
मग वीजबिल, मग कोण गेलं.
त्याखेरीज आम्हा दोघांत
बोलण्याजोगं फारसं कधी नव्हतंच.

बकाल्यातला कुंजुमोन विचारतो, कुणाचं पोट?
माझंच, मी म्हणतो.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे वय नाही,
पण मांजरासाठी इसबगोल मागायला
जीभ रेटत नाही.

भोपळ्याची फोडही घेतली, ओमानची.
कुकरच्या दोन शिट्ट्या.
आई असती तर म्हणाली असती,
एवढ्यात घारगे झाले असते.
पहिला चमचा मिशमिशने हुंगला
आणि पंज्याने फरशी उकरायला लागली,
पुरून टाकायची वस्तू आहे ही, अशी.
दुसऱ्या दिवशी हमूरच्या कोमट पाण्यात कालवून दिला.
तो चाटला. वाटी चाटली. माझं बोट चाटलं.

रात्री अप्पांना सांगितलं.
फायबर म्हणजे रे काय?
चोथा, अप्पा.
ते हसले, खोकले, पुन्हा हसले.
मांजराला चोथा! आम्ही कोंड्याचा मांडा करून जगलो,
तेव्हा कुठे होता तुझा डॉक्टर?
मग जरा थांबून,
आणि तू? तू काय खातोस?
हे त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
किंवा मी पहिल्यांदा ऐकलं.
खुबूस, म्हटलं. अंडी.
भोपळा उरलाय ना, अप्पा म्हणाले.

पहाटे, कंपनीची बस यायच्या आधी,
वाळू खरवडल्याचा आवाज.
मी अंथरुणात श्वास धरून.
बराच वेळ.
मग ती सुटली घरभर,
सोफ्यावरून खिडकीवर, खिडकीवरून थेट माझ्या पोटावर,
काय तो रुबाब.
खाली अजान सुरू झाली.
बॅटरी लावून बघितलं: दोन. मऊ, तपकिरी, व्यवस्थित.

फोटो काढला. लाज वाटली, पुसला.
रोवेनाला इलोइलोला एकच शब्द पाठवला,
झाली.
मराठीतच. कळलं तर कळलं.
मग फ्रिज उघडला, उरलेल्या भोपळ्यावर मीठ टाकलं
आणि बूट घालता घालता
उभ्यानेच खाल्ला.