रिकामीही

सिंहस्थाची कामं अंगावर यायच्या आत
नवी सिस्टीम टाकायची, हे मी
दिवाळीपासून म्हणतेय.
आज शेवटी तौसीफ अत्तार आला,
सॅकमध्ये डॉक, दोन केबली
आणि एक कोरी डिस्क,
साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी.

"आधी क्लोन घेऊ," म्हणाला, "मग अपग्रेड.
उद्या काही बिनसलं
तर निदान आजच्यावर परत येता येईल."
शालिमारच्या या गाळ्यात एकवीस वर्षं
पत्रिका जुळवतेय मी,
असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

काळ्या पडद्यावर एक प्रश्न आला.
त्याने तो मराठीत केला:
"वापरलेली जागाच घ्यायची, की रिकामीही?"
रिकाम्यात काय असतं?
"पुसलेलं असतं, ताई.
डिलीट म्हणजे अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं, एवढंच.
पान तसंच असतं आत,
त्याच्यावर दुसरं काही छापलं जाईपर्यंत."

हेमकांत शिरोडेचं फोल्डर मी उडवलं
गेला सिंहस्थ संपला त्याच महिन्यात.
शिफ्ट-डिलीट.
खात्री आहे का, मशीनने विचारलं,
एंटरवर बोट जरा जोरातच पडलं.
भांडण तीन हजार सातशेचं.
कुठल्याशा मठाच्या पाट्या केल्या होत्या दोघांनी जागून,
बिल त्याने सोडून दिलं, मला न विचारता.
आता नाशिकरोडला त्याचं वेगळं दुकान आहे.
बसमधून कधी त्याचा फ्लेक्स दिसतो,
नाव वाचायची गरज पडत नाही,
दोन ओळींत तो सोडतो तेवढी जागा
दुसरं कुणी सोडत नाही.

आणि एक राहिलंच.
आमच्या जुन्या फॉन्टात ऱ्य नव्हता.
'साऱ्यांनी' टाइप करावं
तर रफार उडून याच्या डोक्यावर बसायचा,
गिऱ्हाईक म्हणायचं, चालतं हो ताई.
हेमकांतला चालेना.
तीन रात्री बसून त्याने माउसने
पापणीएवढा तो र काढला
आणि ॲट द रेटच्या जागी बसवला.
तेव्हापासून सिडकोतली, पंचवटीतली, पार निफाडपर्यंतची
किती लग्नं, बारशी, दशक्रिया,
'आपण साऱ्यांनी अगत्य यावे'
त्या पापणीखालून गेली.
फोल्डर उडवलं, तो र ठेवला.
धंदा होता.

"रिकामीही घे," मी म्हटलं.
"पाच तास लागतील."
लागू देत.

एकाहत्तर टक्क्यांवर जुनी डिस्क
सुपारी कातरल्यासारखी वाजू लागली.
तौसीफने वडापाव खाली ठेवला.
"खराब सेक्टर. आठ आहेत."
काय होतं तिथे?
"आता नाही कळायचं. शून्य लिहून पुढे जाऊ?"
मी इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिले.
मग म्हटलं, जा.

साडेआठला जुनी काढली, नवी लावली.
डेस्कटॉपवर तीच दाटी:
फायनल,
फायनल खरं,
फायनल मामांनी बघितलेलं.
निघताना तौसीफ बजावून गेला,
दोन्ही एकदम जोडू नका,
दोघींची खूण एकच आहे,
मशीन मग एकीला ओळखच देत नाही.
कुठलीला?
"ते त्याच्या मनावर."

जुनी मी सॅम्पल पत्रिकेच्या पाकिटात घातली,
त्यावर तारीख टाकली, नाव काय टाकावं सुचेना,
तशीच खणात सरकवली.
मग एक कोरं पान उघडून
शिफ्ट धरलं, दोनवर बोट ठेवलं.

उमटली. एकटीच,
पुढे य नाही, काना नाही.
मी काही पुसलं नाही, काही लिहिलंही नाही.
शटरबाहेर रिक्षावाला ओरडत होता,
नाशिकरोड, नाशिकरोड,
एकच सीट, चला, एकच सीट.