वीस मिनिटं पुढं

एकशे बारा दूध संस्था, एकच पासवर्ड,
आणि तोही भिंतीवर,
फॅटच्या तक्त्याखाली, खडूनं,
कुणाच्याही पोरानं वाचावा असा.
वर्षभर कुणाचं काही बिघडलं नाही.
मग मार्चात एका रिकाम्या गोठ्यातल्या म्हशीनं
रोज नऊ लिटर दूध दिलं, फॅट नऊ पॉइंट दोन,
बिलही उचललं.
म्हैस बघायला गेलेली माणसं
दावणीला टेकवलेली सायकल बघून परत आली.

तेव्हा मला सांगितलं, दाराला कडी घाल.

राजारामपुरी, आठवी गल्ली, दुसरा मजला,
खाली झेरॉक्सवाला.
मी टोकन लिहायला घेतलं.
प्रत्येक यंत्राला त्याचं स्वतःचं, सहीशिक्क्याचं,
त्यात एवढंच: कोणती संस्था, कशाची मुभा,
किती वाजेपर्यंत.
दूध नोंदव. दर बदलू नकोस.
शेजारच्या गावाचं पान उघडू नकोस.
पंधरा मिनिटांनी हे मेलं की दुसरं माग;
मागायची चिठ्ठी वेगळी, ती जिवापाड जप.

आमचे अण्णा उद्यमनगरात टर्नर होते.
खिशात पितळी बिल्ला, नंबर सत्तेचाळीस.
टूल रूमच्या खिडकीत बिल्ला द्यायचा, मायक्रोमीटर घ्यायचा.
बिल्ला खिळ्यावर लोंबतोय तोवर माप बाहेर आहे.
"नाव कुणी विचारत नव्हतं," म्हणायचे,
"आणि बिल्ला हरवला तर दंड माझाच,
वापरला कुणी का असेना."
हे मी डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं नाही.
पण ज्याच्या हातात त्याचा हक्क,
टोकनची ही खोड मला तिथूनच ठाऊक.

मंगळवारी रात्री अकराला सोडलं.
बुधवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन.
रंगराव खाडे, सचिव, कळ्याच्या पुढं कुठंतरी:
"म्याडम, मशीन नुसतं गरगर फिराय लागलंय.
चाळीस माणसं किटल्या घिऊन हुबी हायती.
दूध काय तुमच्या टोकनची वाट बघतंय व्हय?"

एकशे अकरा चालू. एक बंद.
लॉग उघडला.
टोकन दे. दिलं. टोकन दे. दिलं. टोकन दे.
सेकंदाला तीनदा,
हातात पडताक्षणी शिळं.
अर्धा तास सही तपासली, किल्ली तपासली,
स्वतःला कोल्हापुरी शिव्या दिल्या,
मग सहज विचारलं,
रंगराव, तुमच्यात वाजले किती?
"सहा की."
माझ्याकडं पाच चाळीस.

"व्हय, वीस मिनिटं पुढंच ठेवतो मी.
भिंतीवरचं बी, मशीनचं बी.
न्हाईतर ही माणसं टायमात येत्यात काय?
वडलांपास्नं हाय."

पंधरा मिनिटांचं आयुष्य
आणि वीस मिनिटं पुढं गेलेलं गाव.
माझं प्रत्येक टोकन
तिथं पोचायच्या आधीच पाच मिनिटं मेलेलं.

घड्याळ मागं घ्या, असं सांगता आलं असतं.
नियमात तेच बसतं.
पण त्या वीस मिनिटांवर एका गावाची पहाट उभी होती,
आणि टँकर साडेसहाला.

मी चार ओळी बदलल्या.
भिंतीकडं बघू नकोस, यंत्राला म्हटलं,
हातात पडल्यापासून तुझं तू मोज,
एक, दोन, तीन, नऊशेपर्यंत.
संपत आलं की माग.

एका काडीच्या रेंजवर अपडेट ओढून घेतलं त्यानं.
माझ्या सहा वाजता, त्यांच्या सहा वीसला
पहिली नोंद पडली:
अक्काताई पोवार, म्हैस, साडेचार लिटर, सात पॉइंट एक.
फोनमधून किटलीचं झाकण वाजलं.

पुढच्या महिन्यात त्या बाजूला जाणं झालं.
रंगरावांनी दुधाचा पेला हातात दिला,
नको म्हणायची सोय नव्हती.
फॅटच्या तक्त्याखालचा जुना पासवर्ड
पुसलेला, निदान निम्मा.
त्याच्या जागी, ठळक, खडूनं:
टोकन अडलं तर,
आणि पुढं माझा नंबर.