वारा पडेपर्यंत

जुबैलला, पहाटे साडेतीन वाजता,
खोली नंबर एकशे बारामध्ये
सहा माणसं झोपलेली असतात आणि एक बसलेला.
झरवली खान म्हणतो, हा गडी बसल्या बसल्या झोपतो, घोड्यासारखा.
घोडा उभ्यानं झोपतो, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

वरच्या बंकवर मान सरळ होत नाही,
म्हणून मी खाली बसतो, चपलांच्या शेजारी.
एसीची घरघर, टेकबहादूरचं घोरणं,
आणि नाकपुडीच्या काठाशी
येणारा, जाणारा श्वास.
देवळीच्या विहारात शिकलो तेव्हा वाटलं होतं
यातून काहीतरी मिळेल.
अकरा वर्षांत मिळालं ते हे :
गुडघा दुखायला लागला की लवकर कळतं.

मार्चमधली गोष्ट.
चाळीस टनांचं पात्र, आडवं निजलेलं,
क्रेननं उचलून उभं करायचं होतं.
मीटरवर वारा नऊ पॉइंट एक.
मर्यादा दहाची.
रेडिओवर कुरुविला : लिमिटच्या आत आहे, उचल.
आत होताच तो.
कागदावर आत, मीटरवर आत,
कुरुविलाच्या घड्याळात तर फारच आत.

लिव्हरवर हात ठेवला
आणि एक श्वास येऊ दिला.
एवढ्यात दिसलं, कोण कोण बोलतंय.
कापलेला ओव्हरटाइम म्हणत होता,
उचल, पडलं तर पडू दे यांचं.
माझ्यातला उस्ताद म्हणत होता, तुला काय अवघड आहे?
भीती म्हणत होती, पोटात दुखतंय सांग, उतर खाली.
सगळे माझ्याच आवाजात.
बोलू दिलं.
बोलून दमले, तेव्हा काचेपलीकडे दिसली
लांबच्या शेडवरची ताडपत्री.
फुगली, बसली.
पुन्हा फुगली,
आणि या खेपेला बसलीच नाही.

थांबतो, मी म्हटलं.

आई दुसऱ्याच्या खळ्यावर तूर उपणायची.
तिवईवर उभी, टोपलं डोक्याच्याही वर.
वारा सुटेना तर हात तसेच.
खालून मालक ओरडायचा, पाड ना बाई,
दिवस जातो.
ती पाडायची नाही.
कुटार आणि दाणा एकाच जागी पडला
तर पुन्हा तिलाच निवडत बसावं लागे.
डोळे मिटायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.
ती वारा सुटायची वाट पाहायची.
मी वारा पडायची.

मीटर नऊ पॉइंट आठपर्यंत गेला,
दहाला शिवला नाही.
दुपारी दोनला वारा पडला, पात्र उभं राहिलं,
संध्याकाळी मला लेखी ताकीद मिळाली.
जे पडलं नाही
त्याचा आवाज कुणाला ऐकवणार?
कदाचित पडलंच नसतं.
हा विचारही पहाटे येतो,
चपला सरकवून शेजारी बसतो.

आता उशीखाली फॉर्म आहे, आणखी दोन वर्षांचा.
विशाखानं फोनवर विचारलं, येता की राहता?
बघतो, म्हणालो.
आणि मी खरंच बघत होतो :
छातीत काय आवळतंय,
पैसा बोलतोय की सवय.
ती म्हणाली, श्वास बघता,
आमच्याकडे कधी बघाल?

याला मीटर नाही.
कुरुविला नाही, ताडपत्री नाही.
आज पहाटे किती श्वास गेले, मोजले नाहीत.
कुणीच बोलायचं थांबलं नाही.
तरी उठलो, बाहेर येऊन फोन लावला.
तिकडे उजाडलं होतं, कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, येतो.

घरातून निघतानाही मी हेच म्हटलं होतं,
अकरा वर्षांपूर्वी, दारात.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, कधी?