बावीस अंश

यीस्टच्या पाकिटावर लिहिलंय : अठरा ते बावीस.
भांडुपला, चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीशी
रात्री अकरालाही एकतीस असतं.
तर मधले नऊ अंश कुठून तरी आणायचे,
हा खरा उद्योग.
बाकी बिअर काय, आपली आपण होते.

आणायचे म्हणजे :
ईशानचा अंघोळीचा टब
(ईशान दहावीला गेला, टब अजून निळाच),
टबात वीतभर पाणी, पाण्यात पिंप,
पिंपाला ओला पंचा,
समोर टेबलफॅन,
आणि दर सहा तासांनी बर्फाच्या दोन बाटल्या बदलायच्या.
त्यांना फ्रीजरमध्ये जागा व्हावी म्हणून
आम्ही तीन दिवस सलग सुरमई खाल्ली.

मी कामावर असताना बाटल्या बदलतं कोण,
तर सुलक्षणा.
ती पीत नाही. तिला वासही सोसत नाही.
पण जाता-येता थर्मामीटर बघते
आणि फोनवर नुसता आकडा पाठवते :
तेवीस.
मग तासाभराने : साडेबावीस.
लग्नाला सतरा वर्षं झाली,
इतकं नेमकं आम्ही कधी बोललो नव्हतो.

शिजवणं रविवारी.
पातेलं तिच्या माहेरचं, चिवड्याचं, जर्मनचं.
आमच्या बिअरमध्ये जर्मन काय, तर तेवढंच.
जवाचा भरडा सदुसष्ट अंशांवर तासभर मुरतो,
घरभर सत्त्वाचा गोड वास,
आजारी माणूस बरा होत आल्यासारखा.
मग उकळी, आणि उकळीत हॉप्स :
थोडं गवत, थोडा कडुनिंब,
थोडं बंद कपाट.
जिन्यातून सेक्रेटरी उकिडवे विचारतात,
काढा का हो?
मी म्हणतो, काढाच.

सहाला पाणी येतं, तोवर उकळी संपायला हवी.
तांब्याची नळी एसीवाल्या मुश्ताकने वळवून दिली,
वेटोळं पातेल्यात सोडायचं, एक टोक नळाला,
दुसऱ्यातून कढत पाणी बादलीत.
त्यात चादरी भिजतात.
सुलक्षणा म्हणते, या सगळ्यातलं
कामाचं एवढंच.

मागच्या मे महिन्यात
बाटल्यांत साखर मी अंदाजाने घातली होती.
अंदाज सासऱ्यांच्या चहाचा निघाला.
रात्री दोनला पहिली बाटली फुटली,
मग तिचं ऐकून दुसरी, तिसरी.
उकिडवे बनियनवर धावत आले,
सिलिंडर बंद करा, सिलिंडर!
आणि ओट्याखाली फेसात उभे राहिले अनवाणी.
काचा, काचा, म्हणत आम्ही त्यांना खुर्चीवर चढवलं.
तिथूनच त्यांनी मनगटावरचा शिंतोडा
जिभेला लावून पाहिला.
कडू आहे, म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
मग : वाईट नाही.

तेव्हापासून उरलेला चोथा त्यांच्याकडे जातो,
आणि काकूंच्या हातची थालीपीठं
झाकलेल्या ताटलीतून वर येतात.
बैठकीत विषय निघत नाही.

साखर आता सोनाराच्या काट्यावर.
बाटल्या भंगारवाल्या रामधारीकडून, पाच रुपयांना एक,
लेबलं रात्रभर सोड्यात सोलून.
धुणं, परत धुणं, झाकणं उकळणं;
खरं सांगायचं तर हा छंद भांडी घासण्याचाच आहे,
मध्ये मध्ये बिअर.

तीन आठवडे झाले. आज पहिली उघडली.
फुस्स् झालं ते नीट, वेळेवर.
फेस दोन बोटं, आणि टिकला.
रंग जुन्या गुळाचा.
घोट घेतला, आणि अगदी शेवटी, टाळूपाशी,
पिकल्या वेलची केळ्याचा वास.
म्हणजे एखाद्या दुपारी पिंप तापलं होतं,
चांगलं सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत.

फोन काढून मागे गेलो.
मंगळवार. दुपारभर वीज नव्हती, आठवलं,
फॅन बंद, बर्फाचं पाणी.
तिचे त्या दिवशीचे तीन निरोप :
बावीस.
बावीस.
बावीस, काळजी करू नकोस.

आतून ती विचारते, कशी झालीय?