एकास शंभर

खडकवासल्याला, धरणाच्या खालच्या अंगाला,
पत्र्याच्या शेडमध्ये मी सव्वीस वर्षं समुद्र चालवला.
चालवला म्हणजे बटणावर.
साडेनऊला पंप, चहाच्या आत पहिली भरती,
डबा उघडायच्या आत दुसरी.
तिकडे ज्याला साडेबारा तास लागतात
ते आम्ही सव्वा तासात उरकायचो.
दहापट घाईचा चंद्र होता आमचा,
आणि तो बसवला होता नांदेड फाट्यावरच्या एका फिटरने.

आई माझी हर्णैकडची.
तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते,
पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा,
एवढंच भांडवल घेऊन नोकरीला लागलो.
टिळेकर मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हे तुमच्या आईच्या किनाऱ्याचं गणित, बाबर.
बेटाचं घड्याळ वेगळं लागतं.

बेट लक्षद्वीपातलं. त्याचं नुसतं दक्षिण टोक,
सिमेंटचं, बॅडमिंटनच्या कोर्टाएवढं.
प्रवाळाची भिंत खडी लावून खरबरीत केलेली,
आत लगून, भिंतीला एक खिंडार, होड्यांच्या वाटेचं.
उधाणाला पाणी चढायचं
दीड सेंटीमीटर.
तेवढ्यासाठी आम्ही चौघं सुईकडे बघत उभे.

ओढ दिसावी म्हणून पंचिंग मशीनच्या पोटातल्या
कागदी टिकल्या सोडायचो पाण्यावर.
रजेचे अर्ज, टेंडरं, कुणाची अडकलेली पेन्शन,
सगळ्यांना पडलेली भोकं
खिंडाराशी एकदा गोल फिरून
ओहोटीबरोबर रांगेत बाहेर पडायची.
एका भाद्रपदात लगूनमध्ये बेडकीने अंडी घातली.
मॅडमनी दोन दिवस भरती बंद ठेवली
आणि रजिस्टरात लिहिलं : पंप दुरुस्ती.

मग जानेवारीत बेटावरून माणूस आला, चेरियकोया.
पन्नाशीचा, होडीवाला, अंगात कुणाचा तरी स्वेटर.
भिंतीवर पाय ठेवण्याआधी त्याने चपला काढल्या.
आपण सव्वीस वर्षं गमबूट घालून हिंडलो
हे मला तेव्हा दिसलं.
लगूनमध्ये बोट बुडवून त्याने जिभेला लावलं.
"मीठा," म्हणाला, जरा काळजीने.

पाणी धरणाचंच ना.
शेडमधून सुटलं की मुठेत, मुठेतून भीमेत,
भीमेतून कृष्णेत, तिथून थेट पूर्वेच्या समुद्राला.
पश्चिमेच्या ज्या समुद्राचं सोंग
आम्ही त्याच्याकडून करून घेतलं
त्याच्याशी त्याची ओळख कधी होणार नव्हती.

चेरियकोयाने एक पुरी भरती-ओहोटी बघितली.
टिकल्या शहाण्यासारख्या बाहेर गेल्या.
"हवा किधर?"
मॅडमनी लाटांचं मशीन दाखवलं.
त्याने मान हलवली. हवा.
ती नव्हती. आमच्या समुद्रावर आभाळच नव्हतं,
पत्रे होते, आणि तीन ट्यूबलाइट.

तो उकिडवा बसला. खिंडार बघितलं,
उत्तर विचारून घेतली,
बेटाला अर्धा वळसा घालून नैऋत्येला गेला
आणि गाल भरून फुंकर घातली.
एकदा नाही. दम लागेपर्यंत.
रांग मोडली. टिकल्या मागे फिरल्या,
खिंडाराच्या आतल्या कुशीत जाऊन चिकटल्या,
नेमक्या तिथे, जिथे नकाशावर
लाल पेन्सिलीने धक्का काढला होता.
"मे महीना," तो म्हणाला, धापा टाकत.
"मेरा भाई का बोट. इधर."
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं,
मग काढलं.

धक्का पुढे थोडा सरकवून बांधला म्हणतात.
मी नाही बघितला. मी बेटच नाही बघितलं.
आमचं बेट उन्हाळ्यात पहारीने फोडलं,
दोन ट्रॉल्या राडारोडा निघाला,
दुसऱ्या महिन्यात तिथे कुठल्या तरी बंदराचा गाळ आखला.

आता वारज्याला चौथ्या मजल्यावर असतो.
तिथी कॅलेंडरवर बघतो, पाऊणपट करतो, सोडून देतो.
बशीतला चहा फुंकताना मात्र
आधी खिडकी कुठल्या दिशेला ते बघतो.
बायको म्हणते, प्या की. निवला.