स्वल्प तडीरी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या वर, पत्र्याखाली
आमची कंपनी. तीन खुर्च्या,
त्यातली एक फ्लोरिनच्या आईची, जेवणाच्या टेबलाची.
खाली ओतकाम लागलं की
लॅपटॉपवर काळी भुकटी बसायची;
इराण्णा बाहीनं पुसायचा, कोड लिहीत राहायचा.
मालक मोदगेकर जिन्यातून ओरडायचे,
"काय करूलालाय रे वर?"

कुणाचं लेथ मंगळवारी रिकामं,
कुणाला बुश हवेत बुधवारी,
गाठ घालून द्यायची, सोयरिकीसारखी.
एवढंच करूलालोय, काका.

भांडण झालं ते बटणावरून.
आधी कन्नड की आधी मराठी?
अकरा दिवस. चहासुद्धा वेगवेगळा.
शेवटी फ्लोरिन म्हणाली, मग कोकणी ठेवूया
आणि आम्ही दोघं एकदमच "नको" म्हणालो.
तेवढ्यावर मिटलं.

पान उघडायला वेळ लागतो तिथं
इराण्णानं लिहिलं: स्वल्प तडीरी.
त्याखाली मी: जरा थांबा की.

पहिली ऑर्डर गोकाकची, बेचाळीस बुश.
सहा परत आले, ढिले.

मार्चात तो बंगळुरूला गेला, नोकरीवर.
बहिणीचं लग्न असेल, हप्ते असतील,
आम्ही विचारलं नाही.
स्टँडवर एवढंच बोलला,
"सर्व्हरचं बिल पाच तारखेला असतंय, विसरू नकोस की."

आता तीनशे लेथ आहेत.
संध्याकाळी पान अडतं.
फ्लोरिन म्हणते, अर्ध्या तासाचं काम, दुरुस्त करूया.
करूया की, म्हणतो मी,
आणि रिकाम्या खुर्चीवरची भुकटी
बाहीनं पुसतो.