वीतभर

माझ्या हातात स्टिअरिंग नाही.
नवख्या माणसाला हे सांगितलं
की तो केबिनमध्ये डोकावून बघतो,
जणू मी ते कुठेतरी लपवून ठेवलंय.
एक दांडा आहे. पुढे ढकलला की निघते,
मागे ओढला की थांबते.
पायाशी घंटा.
बाकी सगळं ठरवून टाकलंय
काँक्रीटमध्ये पुरलेल्या दोन रेघांनी.

सिनसिनाटीत जानेवारी.
दार उघडलं की सगळ्यांच्या आधी वारा चढतो.
तिकीट त्याला नाही, तसं कुणालाच नाही;
म्हणून काही जण
नुसतेच उबेला येऊन बसतात.
मागच्या सीटवरचा माणूस सकाळपासून झोपलाय,
त्याच्या झोपेला मी सहा वेळा नदी दाखवली.

आणि रेस स्ट्रीटवर
इथंच घोडं पेंड खातं:
पिवळी, छोटी गाडी,
मागच्या काचेवर कुत्र्याचं चित्र,
पुढचं तोंड फुटपाथला चिकटलेलं,
मागचं बूड पांढऱ्या रेघेबाहेर.
किती? वीतभर.
फार तर वीत आणि दोन बोटं.

घंटा वाजवली.
पुन्हा वाजवली.
समोरच्या सलूनमधून एक बाई
डोक्याला चांद्या लावलेल्या अवस्थेत बाहेर आली,
माझी नाही म्हणाली, आत गेली.
कंट्रोल रूम म्हणाली, टो ट्रक पाऊण तासात.
पंचेचाळीस टनांचं माझं धूड
एका वितीसमोर उभं.
सायकलवाला पोरगा बाजूने निघून गेला,
कबुतरसुद्धा.

टॅकेट आजोबा मार्केटमधून परतत होते,
मांडीवर सलगमचा पाला.
केंटकीच्या डोंगरातून इथं आले तेव्हा नऊ वर्षांचे,
जुन्या ट्राम त्यांनी पाहिल्यात,
त्या बंद झाल्या तेही.
म्हणाले, रोवेना, तेव्हाही हेच होतं.
फक्त तेव्हा आडवा यायचा तो कोळशाचा ट्रक,
आणि शिव्या जरा बऱ्या असायच्या.

हमादीला सहाची बस गाठायची होती,
पुढे गोदामात रात्रपाळी.
त्याने घड्याळ बघितलं,
माझ्या काचेकडे बघितलं,
आणि उतरला.
त्याच्यामागे ओडिलिया, हॉटेलातला ॲप्रन अजून अंगावर,
मग दोन कॉलेजचे,
मग सूटवाला, जो इतका वेळ फोनवर
या ट्रामवर किती कर वाया गेला ते सांगत होता.

केबिन सोडायची मला परवानगी नाही.
मी काचेतून बघत राहिले.
पिवळ्या गाडीच्या बुडाखाली हात गेले,
मोज्यांतले, उघडे, एकावर सोन्याचं घड्याळ.
हमादी मोजू लागला त्याच्या भाषेत:
गो. दिदी. तती.
कुणालाही कळलं नाही,
आणि तिसऱ्याला सगळ्यांनी उचललं.

गाडी हलली,
पिठाचं पोतं सरकावं तशी.
पुन्हा गो, पुन्हा दिदी.
टॅकेट आजोबा काठी टेकत उतरले,
टपावर तळवा ठेवला फक्त,
चाऱ्याला तोंड न लावणाऱ्या गाईवर ठेवावा तसा.
तती.

चढताना कुणी कुणाशी बोललं नाही.
सूटवाल्याने हातावरचं काळं
रुमालाला पुसलं, मग रुमालाकडेच बघत बसला.
हमादीची बस गेली असणार.
मी विचारलं नाही.

डेपोत फॉर्म भरायचा असतो.
उशीर: एकोणीस मिनिटं.
कारण: अतिक्रमण.
निवारण कोणी केलं?
टो ट्रक, पोलीस, इतर.
'इतर'पुढे चौकोन आहे,
लिहायला जागा नाही.

पण ते रात्री.
त्याआधी दांडा पुढे ढकलला,
पिवळ्या गाडीच्या अंगाला अंग न लावता
आम्ही निघालो,
आणि मागचा माणूस जागा झाला.
नदी आली का, म्हणाला.
म्हटलं, येतेय.
आणि डोळा लागला, तर पुन्हा येईल.